मापात बसवलेली वाट

होनकावारा गावाभोवतीच्या जंगलात माणसं हरवतात ती बहुतेक सप्टेंबरात. लाल बेऱ्या पिकलेल्या असतात, म्हातारीकोतारी माणसं बादली घेऊन निघतात, मान खाली घालून वेचत वेचत पुढे जातात आणि मान वर करतात तेव्हा चारी बाजूंना सारखीच झाडं. बहुतेक जण संध्याकाळपर्यंत आपले आपण परत येतात आणि घरी कुणाला काही सांगत नाहीत. जे येत नाहीत, त्यांना शोधायला रेयोचं पथक होतं.

रेयो निवृत्त सीमारक्षक. पथकात दुकानदार, मास्तर, ट्रकवाले असे सगळे हौशी लोक. साइला त्यांच्यात सगळ्यात कमी चालणारी. तिचा गुडघा लहानपणापासून अधू होता. ती योएन्सू शहरातल्या एका कंपनीसाठी घरी बसून वेबसाइटी बनवायची, आणि पथकासाठी तिने नकाशाचं एक पान बनवलं होतं. फोनच्या ब्राउझरमध्ये ते पान उघडायचं, खिशात फोन टाकायचा आणि चालायला लागायचं. माणूस जिथून चालला तिथे नकाशावर रेष उमटायची आणि रेषेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा हिरवा व्हायचा. हिरवं म्हणजे बघून झालेलं. काही उतरवून घ्यायला नको, शिकवायला नको. शेजारच्या गावचा कुणी जुना फोन घेऊन आला तरी त्याचं काम व्हायचं.

अडचण एकच होती, जंगलात नेटवर्क नसे. वसंतात एक मुलगी हरवली होती तेव्हा दुपार उलटली तरी नकाशा कोराच होता. रेयो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "साइला, तुझ्या नकाशावर माझी माणसं अजून घरात कॉफी पीत बसलीत बघ." लोक हसले. मुलगी सापडली, सगळं नीट झालं, पण ते हसणं साइलाच्या मनात रुतून बसलं.

मग उन्हाळ्यात तिला एक लायब्ररी मिळाली. डेटा दाबून लहान करणारा तयार कोड, फुकट, ब्राउझरमध्ये चालणारा. कुणीतरी मालवाहू गाड्यांच्या वाटा साठवण्यासाठी लिहिलेला. त्यात एक सोय होती: पाठवायच्या डेटाचं पुडकं किती मोठं चालेल ते माप सांगून ठेवायचं. माल त्या मापात बसला नाही, तर बसेपर्यंत लायब्ररी वाटेत नोंदलेले बिंदू गाळत जायची. साइलाने हे वाचलं होतं, आणि तिला ते आवडलंही होतं. तिने माप अगदी लहान ठेवलं, म्हणजे नेटवर्कची एक काडी मिळाली तरी पुडकं निघून जाईल. मग फोन खिशात घालून ती तळ्याला लंगडत एक फेरी मारून आली. रेष जशीच्या तशी उमटली होती. पथकातल्या सगळ्यांनी पाठ थोपटली.

ओइवा कार्प्पानेन हरवला तो मंगळवारी. ऐंशीच्या घरातला माणूस, गेल्या वर्षापासून विसरायला लागलेला. मुलगी मेर्या त्याच्याजवळच राहायची. ती दुकानात गेली तेवढ्यात तो बादली घेऊन निघाला. संध्याकाळी आजूबाजूच्या घरच्यांनी हाका मारून पाहिल्या, आणि बुधवारी उजाडता उजाडता शिकाऱ्यांच्या केबिनमध्ये पथक जमलं. शहरातून पोलीस आले. धुकं इतकं खाली उतरलं होतं की हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं. जे काय करायचं ते पायांनीच.

साइला खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली, आणि नकाशा भरत गेला. भराभर, सुंदर. रेयो तिच्या खांद्यावरून वाकून बघायचा आणि समाधानाने हुंकार द्यायचा. दुपारपर्यंत गावाच्या दक्षिणेकडची मोठी दलदलसुद्धा हिरवी झाली.

"दलदल झाली?" रेयोने विचारलं.

"झाली," साइला म्हणाली. "किम्मोची रेष मधोमध गेलीय. त्याच्या मागच्या दोघांचीही."

"शाब्बास. मग सगळ्यांना उत्तरेला घालतो, सरोवराकडे."

मेर्या कोपऱ्यात बसून होती. तिच्या हातातला कॉफीचा कप केव्हाच गार झाला होता. ती उठून आली आणि पडद्याकडे बघत राहिली. "किती चांगलं आहे गं हे," ती म्हणाली. "निदान कळतं तरी, की बाबा कुठे कुठे नाही." साइलाने तिच्या हातावर हात ठेवला.

त्या रात्री पहिला कडाका पडला. सकाळी केबिनच्या पायऱ्यांवर पांढरं साचलं होतं.

गुरुवारी दुपारी माणसं सॉसेजचं सूप प्यायला परत आली. सरोवराच्या काठी काही सापडलं नव्हतं. जो तो आपल्या वाडग्यात बघत होता. किम्मो शेगडीजवळ पाय पसरून बसला होता. तो शाळेत व्यायाम शिकवायचा, आणि पथकात त्याची थट्टा करणं हा सगळ्यांचा हक्क होता.

"काय मास्तर," एक ट्रकवाला म्हणाला, "काल आख्खी दलदल तुडवलीस आणि बूट बघावेत तर दुकानातून आणल्यासारखे कोरडे. हवेतून चालतोस की काय?"

"कोण म्हणतं दलदल तुडवली?" किम्मोने पाव मोडत विचारलं. "आठवडाभर पाऊस पडलाय. आत पाय टाकला असता तर कमरेपर्यंत गेलो असतो. आम्ही काठाकाठानं गेलो, मोठा वळसा घालून."

साइलाने चमचा खाली ठेवला आणि लॅपटॉप पुढे ओढला.

तिने नकाशा मोठा करून पाहिला. किम्मोची रेष दलदलीतून पट्टी लावून ओढावी तशी सरळ गेली होती. ओढे, खड्डे, पडलेली झाडं असलेल्या जमिनीवर कुठलाही माणूस असा चालत नाही. हे तिला काल दिसायला हवं होतं. तिला आता दुसऱ्या रेषाही दिसायला लागल्या. सकाळच्या छोट्या फेऱ्या वाकड्यातिकड्या होत्या, खऱ्या पावलांसारख्या. तासन् तास चाललेल्यांच्या रेषा मात्र सगळ्या ताठ.

"किम्मो, तुझा फोन दे जरा."

फोनमध्ये मूळ नोंद होती. तिने ती उघडली. दलदलीच्या कडेने वळत गेलेलं एक मोठं अर्धवर्तुळ. लायब्ररीने सांगितलं तेच केलं होतं: पुडकं मापात बसेना, म्हणून एकेक वळण गाळत गाळत अर्धवर्तुळाची सरळ रेघ केली होती. आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा साइलाच्या कोडने इमानेइतबारे हिरवा रंगवला होता.

मेर्या दोन हातांवर होती, पावाला लोणी लावत होती, खात नव्हती. साइलाच्या मनात आलं ते असं: फोन गोळा करते, मूळ नोंदी काढते, नकाशा मुकाट्याने नीट करते आणि रेयोला म्हणते, दलदल एकदा पुन्हा बघू या, खात्री म्हणून. कुणी विचारणार नाही. हा विचार तिने किती वेळ धरून ठेवला, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. फार नसेल. पण धरला होता, एवढं खरं.

"रेयो," ती उठून म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "नकाशा चुकीचा आहे."

"कुठे?"

"सगळीकडे. लांब चाललेल्यांच्या रेषा खोट्या आहेत. दलदल कुणी बघितलेलीच नाही."

रेयो वाडगं ठेवून टेबलाशी आला.

"खोट्या म्हणजे काय?" रेयोचा आवाज खाली गेला. तो चिडला की आवाज खाली जायचा. "तूच तर काल म्हणालीस, झाली."

"मी वाटा दाबून लहान करायला लावल्या. लवकर पोचाव्यात म्हणून. त्यात वळणं गेली."

"वळणं गेली?"

"हो. मला माहीत होतं की गाळणार. इतकं गाळेल असं वाटलं नाही. मी लांब चालून बघितलं नाही."

रेयोने भिंतीवरचा कागदी नकाशा खाली ओढून टेबलावर पसरला, वाडगी बाजूला सारली आणि एकेकाला नाव घेऊन विचारायला लागला, तू कुठून गेलास, तू कुठे वळलास. "पूर्वी मी रोज संध्याकाळी हेच करायचो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "काल केलं नाही. हिरवं दिसलं आणि बसलो गप्प."

मेर्या उभी राहिली होती. हातात लोण्याची सुरी तशीच. "म्हणजे काल तिथे कुणी गेलंच नाही?" तिने विचारलं. मग साइलाकडे वळून तिने पुन्हा विचारलं, "काल कुणी गेलंच नाही?"

"नाही," साइला म्हणाली.

दलदलीच्या मधोमध थोडी उंच जागा आहे, पाइनच्या झाडांची, बेटासारखी. उत्तरेकडून तिथे जायला एक कोरडी वाट निघते, पण ती माहीत असणारी माणसं गावात दोनतीनच उरली होती. ओइवा त्यांतला एक. तो विसरत होता ते काल-परवाचं. लहानपणच्या बेऱ्यांच्या जागा त्याला पाठ होत्या. पथकात ती वाट कुणालाच ठाऊक नव्हती, त्यांनी फळ्या टाकत टाकत वाट काढली. साइलाही गेली. रेयो म्हणाला, "तू गुडघ्यानं मागे पडशील," आणि ती म्हणाली, "पडेन." ती पडलीही, दोनदा. किम्मोने दोन्ही वेळा हात दिला.

ओइवा एका झाडाला टेकून बसला होता. एक बूट चिखलात गेला होता, आणि तो पाय तसाच पाण्यात. बादली अर्धी भरलेली. आधी सगळ्यांना वाटलं, संपलं. मग किम्मोने त्याच्या गळ्याशी बोटं धरली आणि ओरडला, "आहे! ब्लँकेट आणा!" म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि एवढी माणसं बघून ओशाळल्यासारखा तोंड फिरवून बसला.

तोवर धुकं उठलं होतं. हेलिकॉप्टर आलं आणि त्याला कुओपिओच्या इस्पितळात घेऊन गेलं.

तो वाचला. पाय वाचला नाही, गुडघ्याच्या खाली कापावा लागला. डॉक्टर मेर्याशी सरळ बोलली: पहिल्या रात्री थंडी बेताची होती, जे झालं ते दुसऱ्या रात्री. मेर्याने हे रेयोला सांगितलं आणि रेयोने साइलाला. सांगावं की नाही यावर त्याने आठवडाभर विचार केला होता.

पथकातले लोक तिच्याशी चांगलं वागले. तेच तिला सोसवेना. "अगं, तू बोललीस म्हणून तर सापडला," ट्रकवाला म्हणायचा. किम्मो म्हणाला, दलदलीत उतरलो नाही हे मी बुधवारीच सांगायला हवं होतं, दोष माझाही आहे. नवरा म्हणाला, फुकटच्या कोडमध्ये असतातच चुका. पण कोडमध्ये चूक नव्हती. ज्याने ती लायब्ररी लिहिली होती त्याला साइलाने सगळं लिहून कळवलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सभ्य, छोटं. फार वाईट वाटलं, असं त्याने लिहिलं होतं. माप ओलांडलं की बिंदू गाळले जातात हे माहितीपानावर पहिल्यापासून लिहिलेलं आहे. तरी तो आता ते ठळक अक्षरांत करेल. तिने ते पान पुन्हा उघडलं. लिहिलेलं होतं. तिने वाचलेलंही होतं.

तिने नकाशाचं पान बदललं. आता वाट दाबली जायची ती एकही बिंदू न गाळता, आणि पूर्ण पोचेपर्यंत नकाशावर राखाडीच राहायची, मग कितीही वेळ लागो. रेयोने कागदी नकाशा भिंतीवरून टेबलावर कायमचा आणला. नोव्हेंबरात एक शिकारी हरवला तेव्हा शहरातून आलेला पोलीस विचारत राहिला की हे राखाडी कधी हिरवं होणार. साइला म्हणाली, "माणूस परत येऊन सांगेल तेव्हा." शिकारी चुलतभावाच्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, सापडला.

ओइवाला तोवर गावाजवळच्या वृद्धाश्रमात आणलं होतं. साइला भेटायला गेली ती ख्रिसमसच्या आधी. मेर्या त्याला चाकाच्या खुर्चीत बसवत होती. तिने साइलाला पाहिलं आणि बराच वेळ काम चालू ठेवलं.

"तू माफी मागायला आली असशील तर मला नको आहे," ती शेवटी म्हणाली. "सगळे म्हणतात, वाचला, नशीब समज. मी रोज सकाळी एकाच पायात मोजा चढवते. माझ्याकडून नाही होत माफ करणं. पुढे होईल की नाही, माहीत नाही."

"बरं," साइला म्हणाली.

"आणि निघूनही जाऊ नकोस लगेच. मला गुरुवारी दुकानात जावं लागतं, आणि आता त्याला एकटं सोडून माझा पाय निघत नाही. येशील बसायला?"

साइला गुरुवारी जायला लागली. ती त्याला सोलून फळं द्यायची, खिडकीतून दिसणारे पक्षी दाखवायची. तो दर वेळी विचारायचा, तू कुणाची? ती नाव सांगायची. एकदा, जानेवारीत, खोलीत दोघंच असताना, तिने त्याला सगळं सांगितलं. हरवलेला म्हातारा, सरळ झालेल्या वाटा, हिरवी दलदल, दुसरी रात्र. काही झाकलं नाही. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधूनमधून मान हलवत होता.

"मग?" तिचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं. "सापडला का तो म्हातारा?"

"सापडला."

"चांगलं झालं," ओइवा म्हणाला. "त्याच्या घरचे काळजीत असतील."

मेर्या पिशव्या घेऊन दारात उभी होती. किती वेळ ते कळलं नाही. तिने पिशव्या खाली ठेवल्या, कोट काढला आणि साइलाला म्हणाली, "त्याला खिडकीपासून जरा आत घे. तिथे गार येतं."