झारीने पाहिलेला उन्हाळा

मित्रांनो, आमच्या गॅलरीत पाऊल टाकलंत की कठड्याखाली एक पोचे पडलेली पत्र्याची झारी दिसेल. तीच मी. वय झालंय माझं, पण डोळ्यांना अजून छान दिसतं, आणि बोलायला बसले तर कुणाला आवरायची नाही.

एका पत्रेवाल्याने मला तेलाच्या डब्यातून कापून काढलं, ठोकून ठोकून गोल केलं आणि लांब चोच झाळून बसवली. मला विकत घेतलं ते आजींनी. त्यांच्या अंगणात मोगरा होता, आणि त्याला पाणी घालताना त्या मला दोन्ही हातांनी धरायच्या. फार लाड झाले हो माझे! रोज राखेने घासायच्या, पालथं घालून वाळवायच्या. मोगराही असा फुलायचा की शेजारच्या बायका वाटी घेऊन दारात उभ्या.

आजी गेल्या आणि आजोबा धाकट्या मुलाकडे राहायला आले. येताना आणलं काय, तर एक पेटी, मोगऱ्याची कुंडी आणि मी. आजोबा बसचे कंडक्टर होते. जन्मभर दुसऱ्यांना हाका मारून मारून त्यांच्या थांब्यावर उतरवलं, पण या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आपण नक्की कुठे बसायचं, हे काही त्यांना उमगेना. खुर्चीत बसले तरी कडेकडेने बसायचे. घरातली माणसं वाईट नव्हती हं! धाकटा वायरमन, दिवसभर शिडीवर. सूनबाई बेकरीच्या गल्ल्यावर. आणि नात भुंगी. तिची भुणभुण उठल्यापासून सुरू व्हायची, म्हणून हे नाव.

मोगरा मात्र या घरात फुलेना. पानं हिरवीगार, फूल एक नाही. आजोबा रोज वाकून बघायचे आणि गप्प आत जायचे.

आता खरी गोष्ट मला ठाऊक होती. समोर ही भलीमोठी इमारत. तिच्यावरून ऊन आमच्या गॅलरीत उतरायचं ते ऐन उन्हाळ्यातच. आणि ऐन उन्हाळ्यात घराला कुलूप! शाळेला सुट्टी लागली रे लागली की भुंगी आईबाबांबरोबर मामाकडे आणि आजोबा थोरल्याकडे. पावसाला सुरुवात झाल्यावर सगळे परत यायचे. तोवर बहर येऊन गेलेला असायचा. दर वर्षी रिकाम्या घरात तो मोगरा वेड्यासारखा फुलायचा, आणि बघायला घरचं कोण, तर मी! सांगणार तरी कशी? मला चोच आहे, पण तिच्यातून पाणीच येतं.

या वर्षी मामा समुद्रकाठच्या गावी राहायला गेला होता. भुंगीने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. महिनाभर आधीपासून घरात दुसरा विषय नाही. आजोबांनाही तिने हट्टाने यादीत घातलं. निघायच्या आदल्या दिवशी आजोबा कपाटावरची बॅग काढायला स्टुलावर चढले. "बाबा, मी काढतो ना," असं धाकटा म्हणेपर्यंत स्टूल एकीकडे, आजोबा एकीकडे. पायाला प्लास्टर आणि तिकिटं रद्द.

"तुमच्यामुळे माझा समुद्र गेला!" भुंगी रडत रडत ओरडली, आणि त्यानंतर आजोबांशी बोलायचीच बंद झाली. भुणभुण थांबली की घर किती मोठं वाटतं, हे मी तेव्हा पाहिलं.

आजोबांना गॅलरीत खुर्ची टाकून दिली होती, पाय पाटावर. एका दुपारी त्यांनी थोरल्याला फोन लावला. "प्लास्टर निघालं की मला घेऊन जा रे. कायमचाच येतो. नाही, भांडण कसलं? सोन्यासारखी माणसं आहेत. पण तुझ्या आईचा मोगरासुद्धा इथे रुळला नाही बघ. मी तरी किती दिवस पाहुण्यासारखा राहू? आणि आता तर पोरीची सुट्टीही मी खाल्ली." फोन ठेवून त्यांनी मला उचललं. निम्मं पाणी कुंडीबाहेरच गेलं.

दाराआड भुंगी उभी होती. ती पुढे आली. "कायमचं म्हणजे?"

आजोबांनी मला पुन्हा कुंडीवर वाकवलं. ती म्हणाली, "तुम्ही पाणी बाहेर सांडताय. द्या इकडे." इतक्या दिवसांनी ती त्यांच्याशी बोलत होती!

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून धणे घेऊन आली. "हे कसे पेरायचे?" आजोबा म्हणाले, "अगं, आधी रगडायचे. अख्खे टाकलेस तर वाट बघत बसशील." कडधान्याच्या डब्यातल्या घेवड्याच्या बियाही आल्या. फुटकी बादली, रंगाचे रिकामे डबे, सूनबाईने टाकून दिलेली परात, जे मिळेल त्यात माती. धाकट्याने जुन्या वायरी आणून वेलासाठी दोऱ्या बांधाव्यात तशा ताणल्या. "वायरमनच्या घरचा घेवडा आहे, शॉक देईल," सूनबाई म्हणाली, आणि आजोबा खो खो हसले. संध्याकाळी सूनबाई टबात गार पाणी ओतून त्यात पाय सोडून बसायची. धाकटा खाली सतरंजी टाकायचा. भुंगी आजोबांना उगीचच प्रश्न विचारत राहायची, कोंब कधी येणार, मुंग्या रोपं खातात का, गोगलगायीला उन्हाळा चालतो का. मला कळत होतं, पोरगी काय करतेय. एकेक रोप लावून ती आजोबांना बांधून ठेवत होती. पण प्लास्टर काढायची तारीख जवळ येत होती, आणि आजोबांनी पेटी भरायला काढली होती.

अशाच एका सकाळी दाराचं कुलूप बाहेरून खुडबुडलं. दार उघडलं आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सकाकू आत आल्या. हातात परडी. घरचे गावाला गेले की किल्ली त्यांच्याकडे असते, पाणी त्याच घालतात. या वेळी त्या स्वतःच लेकीकडे गेल्या होत्या आणि आदल्या रात्रीच परतल्या होत्या.

"अगंबाई! तुम्ही घरीच?" त्या दारातच थिजल्या. परडी हळूच पाठीमागे गेली.

"यंदा बेत बदलला," सूनबाई म्हणाली. "पण परडी कशाला हो?"

काकूंचा चेहरा लाजून लाल. "फुलांना. मोगऱ्याच्या."

"कसला मोगरा?" धाकटा म्हणाला. "आमचा फुलतच नाही."

"काय सांगता! परडीभर निघतात रोज. अख्खा जिना घमघमतो. मला वाटायचं, पाणी घालते म्हणून तुम्ही माझ्यासाठीच ठेवून जाता. आणि तुम्ही कधी विषय काढला नाहीत, मग मीही नाही काढला. बरं दिसत नाही ना, आपणच कसं बोलायचं?"

घ्या! सभ्यपणाने काय काय झाकलं जातं बघा. इतकी वर्षं!

आजोबा प्लास्टरचा पाय विसरून कुंडीवर वाकले. पानं बाजूला केली. खाली दाण्याएवढ्या कळ्याच कळ्या. आम्ही सगळे रोज घेवड्याकडे बघत होतो, मोगऱ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आजोबांनी एका कळीला बोट लावलं, मग दुसरीला, मग तिसरीला. भुंगीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "म्हणजे तो फुलत होता आजोबा. आपणच घरी नव्हतो!"

पुढच्या आठवड्यात गॅलरी पांढरी झाली. पहिली परडी आजोबांनी भुंगीकरवी खाली काकूंना पाठवली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी थोरल्याचा फोन आला, गाडी घेऊन निघू का म्हणून. आजोबा तेव्हा मला नळाखाली भरत होते.

आता अशा वेळी आम्ही वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला घासूनपुसून ठेवा, गंजू देऊ नका, वगैरे. ठेवा बाई, माझी ना नाही. पण मित्रांनो, मागणं खरं वेगळंच आहे. घरात कुणी नवं आलं आणि ते गप्प गप्प राहिलं, तर ते रुळत नाही असं म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या ऋतूत त्याच्याजवळ थांबून बघा.

आजोबा फोनवर काय म्हणाले, ते विचारताय ना? कान आणि खांदा यांत फोन धरून, मला सांभाळत, अगदी कामात असलेल्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले, "नाही रे, यंदा काही जमायचं नाही. मी आलो तर इथे पाणी कोण घालणार?"