मोराचा लांबलचक पत्ता

मी एक जुना कोड आहे. मित्रांनो, तुम्ही फाईल उघडायला सांगता, तेव्हा ती कुठल्या फोल्डरच्या पोटात आहे, याचा पूर्ण पत्ता कुणाला तरी जुळवावा लागतो. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते काम माझं.

सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातल्या चैतालीताईने कॉलेजात शिकत असताना मला लिहिलं. पत्ता मांडायला मी मेमरीतून थोडी जागा उसनी घेई आणि काम झालं की परत देई. जागा ठरलेल्या मापाची, पत्तेही आटोपशीर. त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका! पुढे ताई नोकरीत रमली आणि तिने मला शेजारच्या रेवणप्पाकाकांच्या संगणकात बसवलं होतं, तिथे मी एकटाच राबत राहिलो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

काका चादरींचे नमुने काढतात. त्यांची रीत न्यारी! नवा नमुना ज्या जुन्यावरून सुचला, त्याच्याच फोल्डरमध्ये तो ठेवायचा. "लेकरू आईपाशीच ऱ्हायला पायजे की," असं ते म्हणत. वेलीच्या पोटात कमळ, कमळाच्या पोटात हत्ती, असं करत करत तळाशी मोर आला. तो नातीच्या, आरोहीच्या लग्नातल्या चादरीसाठी होता.

ती चादर विणायला माग तयार झाला. शुभकार्य म्हणून काकांनी सगळ्यात वरच्या फोल्डरचं नाव बदलून 'श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न' असं केलं आणि मोर उघडायला गेले. पत्ता आता माझ्या जागेत मावेना. त्याचं शेवटचं टोक कापलं गेलं आणि मी सांगून टाकलं, फाईल सापडत नाही. काका पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. दर वेळी मी नवी जागा घेई आणि काम फसलं की गोंधळून ती परत द्यायचंच विसरे. संगणक गोगलगायीसारखा चालू लागला.

"चैताली, माजा मोर गेला गं! आता आरोहीला काय पांघरवू?" काकांनी शेजारी जाऊन ताईला बोलावलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईने मला उघडून निरखलं आणि ती हसली. "काका, मोर जागेवरच आहे की. पत्ता लांब झालाय नुसता."

"मग देवाचं नाव काडू का?"

"देवाचं नाव राहू द्या. जागाच मोठी करू."

मला फेकून न देता तिने नीट शिकवलं. आधी पत्ता मोजायचा, मग तेवढीच जागा मागायची. काम होवो अगर फसो, घेतलेली जागा परत द्यायची. मी पुन्हा पत्ता जुळवला आणि पडद्यावर मोराने पिसारा फुलवला! "आला की रं माजा राजा!" असं म्हणत काकांनी टाळी वाजवली. लग्नात आरोही ती चादर खांद्यावरून उतरवेना म्हणे.

मित्रांनो, जुनं चुकलं तर लगेच टाकू नका, एकदा उघडून पाहा. आणि उसनं घेतलेलं, काम फसलं तरी, परत करा. परवाच काकांनी मोराच्या पोटात लांडोर ठेवली. आता तिची पिल्लंही येऊ देत, मी मोजून जागा मागेन.