पडला की पाडला

मित्रांनो, मी मेंढीच्या कातड्यावर लिहिलेली एक जुनी पोथी आहे. पोथी हे नाव मला सांभाळणाऱ्या ज्ञानदाने लाडाने ठेवलेलं, आणि त्याच नावापायी माझ्या जिवावर बेतलं होतं.

माझा जन्म साडेसातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये झाला. त्या काळी काही बायका देवासाठी जग सोडत आणि चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत राहायला जात. दार कायमचं बंद होई. उरे ती पडदा लावलेली लहानशी खिडकी. त्यांनी प्रार्थना कधी करावी, खिडकीशी आलेल्यांशी किती बोलावं, हे सांगण्यासाठी एका धर्मगुरूने मला लिहिलं. माझी पहिली वाचक अशीच एकटी होती. एका पानावर ती रोज ओठ टेकवायची, तिथली शाई पुसट झाली आहे. ती गेली आणि मी पेटाऱ्यात पडले. उंदरांनी माझा कोपरा कुरतडला. पुढे एका संग्राहकाने मला समुद्रापार आणलं. आता मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, थंड खोलीत असते.

माझी देखभाल ज्ञानदा करते. ती जवळच्या कॅरी गावात वाढलेली. गेल्या मार्चमध्ये घरच्यांना संग्रह दाखवायचा दिवस होता, म्हणून तिने आईला, वीणाकाकूंना आणलं. तिने मला उशीवर उघडलं आणि माझ्यातला एक नियम मराठीत सांगितला: चूक कबूल करताना 'घडली' म्हणू नये, 'मी केली' म्हणावं.

काकू हसल्या. "हे तर मी तुला लहानपणीच शिकवलंय. ग्लास पडला नाही, तू पाडलास."

ज्ञानदा भिंग आणायला गेली. ग्रंथालयाचा नियम असा की मला कोणापाशी एकटं सोडायचं नाही. पण आईच तर होती.

काकूंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. पोथी म्हटल्यावर कुंकू वाहायलाच हवं, एवढा त्यांचा साधा भाव. चिमूटभर कुंकू समासात पडलं, थोडं अक्षरांवर सांडलं. ते पुसायला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि पानावरून फिरवलं. मी घाबरले. कातड्याला ओल म्हणजे काळच. लाल ओघळ पसरला आणि पान आक्रसू लागलं.

"आई, व्हॉट डिड यू डू?" भिंग घेऊन परतलेली ज्ञानदा ओरडली.

"अगं, तूच पोथी म्हणालीस ना." काकू म्हणाल्या.

नुकसान झालं की कंप्युटरवर फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणाचा रकाना असतो. माझ्या अंगावर जुने डाग पुष्कळ, त्यात एक खपून गेला असता. पण नेमकं काय सांडलं हे कळल्याशिवाय दुरुस्ती करणाऱ्याला हात लावता येत नाही, आणि रंग आत मुरत जातो. खरं लिहावं तर ज्ञानदाचं प्रोबेशन संपायला अजून तीन आठवडे होते.

"डाग पडला, एवढंच लिही," काकू कुजबुजल्या. "खोटं थोडीच आहे? तुझा जॉब जाईल गं."

ज्ञानदाची बोटं थांबली. बाहेर ग्रंथालयाच्या प्रमुख बाईंची पावलं वाजली.

"आई," ज्ञानदा हळूच म्हणाली, "पडला नाही. पाडला."

काकूंनी मान खाली घातली. मग डबी उचलली आणि दारात आलेल्या बाईंपुढे धरली. "मॅडम, आय डिड इट."

"अँड आय लेफ्ट द बुक अलोन विथ हर," ज्ञानदा म्हणाली.

त्या डबीतल्या कुंकवावरून दुरुस्ती करणाऱ्याला उपाय सापडला. अकरा दिवसांनी लाली गेली. एक फिकट गुलाबी ठिपका मात्र राहिला, त्या पुसट शाईच्या शेजारीच. ज्ञानदाची नोकरी वाचली, पण प्रोबेशन सहा महिने वाढलं, आणि आता ती मला एकटी उघडू शकत नाही. मला याचं वाईट वाटतं.

मित्रांनो, ओठ टेकवणारीने आणि कुंकू वाहणारीने मला मायेनेच दुखवलं. आम्हा जुन्या पोथ्यांना पूजा नको, कोरडे स्वच्छ हात पुरेत. आणि कधी तुमच्याकडून आमच्यावर डाग पडलाच, तर लगेच जाऊन सांगा. सांगताना फक्त 'पाडला' म्हणा.