न दिलेला पास

इनेस गॅलब्रेथला त्या शनिवारी खेळायचं होतं ते एका माणसासाठी, आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वी आंधळा झाला होता. आता आंधळ्याला खेळून दाखवणार काय डोंबल, असं कुणीही म्हणेल. पण आर्डनेस फुटबॉल क्लबच्या मैदानावर ही अडचण केव्हाच सुटलेली आहे. मुख्य गॅलरीत, पत्र्याच्या छपराखाली, ज्यांना दिसत नाही अशांसाठी एक रांग राखून ठेवलेली असते. त्यांच्या कानांना हेडफोन लावायचा आणि मागच्या रांगेत माइक घेऊन बसलेला माणूस मैदानावर जे जे घडेल ते त्यांना सांगत राहतो. बाकी कुणाला त्यातलं अक्षर ऐकू येत नाही.

त्या रांगेत डुगल पेट्री आजवर एकदाही बसला नव्हता. पेट्री हा आर्डनेसचा जुना मॅनेजर. क्लबने त्याला काढलं तेव्हाच त्याने सांगून टाकलं होतं, की या फाटकातून पुन्हा आत येणार नाही. नंतर डोळे गेले, बायको गेली, तरी हट्ट काही गेला नाही. इनेस दर रविवारी त्याच्या घरी जायचा, चहा करायचा आणि विनवायचा, गॅफर, एकदा चला. मॅनेजरला सगळे खेळाडू गॅफर म्हणतात, पण नोकरी गेलेल्या मॅनेजरला कुणी म्हणत नाही. इनेस मात्र म्हणायचा. आणि गेल्या रविवारी म्हातारा अचानक विरघळला. हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, इनेसचा करारही त्यानंतर संपणार. तू खेळणार आहेस ना, एवढंच त्याने विचारलं. इनेस हो म्हणाला.

हो म्हणायला काही आधार नव्हता असं नाही. आठवडाभर सरावात तो पहिल्या अकरांत होता. पण त्या सरावाचं काय सांगावं!

नवा मॅनेजर यूअन काल्डर. माणूस सरळ, अभ्यासू, आवाज न चढवणारा. त्याची पद्धत अशी, की सरावाला समोर दुसरा संघच नसतो. अकरा जण रिकाम्या मैदानावर, रिकाम्या गोलकडे, ठरलेल्या वाटांनी चेंडू नेतात. शिट्टी वाजली की प्रत्येकाने जागच्या जागी थांबायचं. मग काल्डर चालत येतो आणि कोण आपल्याला आखून दिलेल्या पट्ट्यात आहे, कोण नाही ते बघतो. नऊ-दहा जण बरोबर असत. इनेस हमखास भलतीकडे. बरं, मुद्दाम नव्हे हो. त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याला बचावातली फट दिसायची ती समोरच्या कुणाच्या तरी चुकीतून. कुणी अर्धं पाऊल पुढे टाकलं, कुणी उगाच मागे वळून पाहिलं, की इनेसच्या पायाला खाज सुटलीच. समोर कुणी नसेल तर कोण चुकणार, आणि त्याला दिसणार तरी काय? रिकाम्या मैदानावर तो हरवल्यासारखा फिरायचा. तरुण पोरं हसायची. इनेस, दादा, तुमचा पट्टा तिकडे, म्हणायची. तोही हसायचा आणि घरी जाऊन बायकोशी धड बोलायचा नाही.

पेट्रीची तऱ्हा अगदी उलटी. शिव्या देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दहा जणांना तो फाडून खायचा, तू इथे, तू तिथे, तू हललास तर याद राख. आणि मग बूट बांधत बसलेल्या इनेसच्या शेजारी टेकून हळूच म्हणायचा, "पोरा, तू बघ तुला काय दिसतं ते." बस्स. एवढ्या शब्दांवर इनेस नव्वद मिनिटं उडायचा. लॅची नावाचा आर्डनेसचा स्ट्रायकर धावायच्या आधी डावा खांदा किंचित पाडतो, ही खूण बचाववाल्यांना कधी कळली नाही, इनेसला कळली होती. खांदा पडला की तो न बघताच चेंडू सोडायचा, आणि सगळी गॅलरी उभी राहायची. ती उभं राहण्याची सळसळ इनेसला अजून झोपेत ऐकू यायची. काय दिवस होते ते, असं तो कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण तोंडावर लिहिलेलं असायचं.

शुक्रवारी संध्याकाळी काल्डरने त्याला बोलावून घेतलं आणि उद्या तू राखीव खेळाडूंच्या बाकावरही नाहीस असं सांगितलं. इनेसने कधी नव्हे ती भीड सोडली. पेट्री येणार आहेत, शेवटची दहा मिनिटं तरी द्या, म्हणाला.  काल्डरला वाईट वाटत होतं, हे नाकारून चालणार नाही.

"तू चुकतोस असं नाही, इनेस," तो म्हणाला. "पण तू जागा सोडलीस की तिथे दुसऱ्या कुणाला तरी धावावं लागतं. मी कुणाला धावायला सांगू?"

उत्तर इनेसला ठाऊक होतं. पेट्रीच्या काळात ते धावणं ग्रेगर टुलॉखच्या वाट्याला आलं होतं. ग्रेगर डावा बचावपटू. इनेस पुढे भटकला की मागची ओसाड जागा ग्रेगरने राखायची, आणि इनेसने चेंडू घालवला की तोही ग्रेगरनेच परत आणायचा. अशाच एका घालवलेल्या चेंडूमागे धावताना त्याचा गुडघा गेला तो गेलाच. तुझ्या कलेची हमाली माझ्या गुडघ्याने केली रे, असं तो चारचौघांत म्हणायचा आणि वर स्वतःच्या पैशाने इनेसला बिअर पाजायचा. खेळ सुटल्यापासून छपराखालचा माइक ग्रेगरच्या हाती होता.

पेट्रीला फोन करून खरं सांगावं, असं इनेसने रात्रभर ठरवलं आणि सकाळी केलं नाही. कळलं तर म्हातारा येणारच नाही, या भीतीने त्याची जीभ उचलेना.

दुपारी तो साध्या कोटात गॅलरीत शिरला. पेट्री आधीच येऊन बसला होता. दाढी घोटलेली, क्लबचा जुना टाय, मांडीवर खिमा भरलेली गरम पेस्ट्री, कानांवर हेडफोन. त्याच्या शेजारी एफी मॅकसॉर्ली. ही बाई जन्मापासून आंधळी आणि तोंडाने सणसणीत, चाळीस वर्षांत एक सामना चुकवलेला नाही. इनेस पाय न वाजवता मागच्या मागे सटकणार होता. तेवढ्यात ग्रेगरने त्याची बाही पकडली. सर्दीने त्याचा घसा पार बसला होता, आवाजाच्या नावाने नुसती हवा. त्याने माइक इनेसच्या हातात कोंबला आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं, मला जमायचं नाही, दुसरं कुणी नाही, बस.

 बोललं की आवाज ओळखला जाणार. न बोलावं, तर तिघं-चौघं काळोखात बसून राहणार.

"आर्डनेस पांढऱ्या शर्टात, डावीकडून उजवीकडे," तो म्हणाला.

पुढच्या रांगेत पेट्रीचा पेस्ट्री धरलेला हात तोंडापर्यंत जाता जाता थांबला. ज्याचा खेळ ऐकायला तो आला होता तो त्याच्या मागेच बसलेला होता. म्हाताऱ्याने मान वळवली नाही. पेस्ट्री पुन्हा कागदात गुंडाळून खिशात ठेवली तेवढी. इनेसला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

मग तो सांगत राहिला. थ्रो-इन कुणाचा, चेंडू कुणाकडे, कोण पडला. काल्डरचा संघ ठरल्या वाटांनी खेळत होता आणि खेळ वाईट नव्हता. एक गोलही झाला, डावीकडून उजवीकडे, तिकडून मधे, टिपून ठेवल्याबरहुकूम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण इनेसची जीभ त्याच्या पायांसारखीच निघाली, तिला पट्टा माहीत नाही. चेंडू कुठे आहे हे सांगता सांगता तो कुठे जायला हवा हे सांगू लागला. त्यांचा मधला बचाववाला मागे बघतोय, आता, आता सोडायला हवा, नाही सोडला. एफी वैतागली. हा बाबा उद्याची बातमी आज सांगतोय, ग्रेगर, मेल्या, काढा घे आणि परत ये, म्हणाली. पेट्री मात्र जरासा पुढे वाकून बसला होता. हेडफोन त्याने दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला होता.

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना लॅचीने डावा खांदा पाडला.

इनेसने तो पाहिला. चेंडू मधल्या फळीतल्या एका गुणी पोराकडे होता, आणि फट तर अशी, की बैलगाडी जावी. पोराने आज्ञेप्रमाणे चेंडू आडवा दिला. लॅची चार पावलं धावून थांबला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि सवयीने एकदा त्या जागेकडे पाहिलं जिथे पूर्वी इनेस असायचा.

ते पाहणं इनेसला सोसलं नाही. दोन वर्षं मुकाट गिळलेलं सगळं घशाशी आलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"चेंडू इनेसकडे," तो माइकमध्ये म्हणाला. "इनेस बघत नाहीये. लॅचीचा खांदा पडला. इनेसने सोडला, दोघांच्या मधून, गवताला घासत. लॅची एकटा. गोलकीपर पुढे आला. त्याच्या डोक्यावरून... गोल."

गॅलरीत कुणी हललंसुद्धा नाही. पत्र्यावर समुद्रपक्षी पाय घासत होते, कुणीतरी खोकलं. खाली चेंडू अजून आडवाच फिरत होता.

"काय रे, गोल झाला म्हणतोस," एफी म्हणाली, "मग या लोकांना लकवा मारला काय?"

इनेसने माइकवर हात ठेवला. कान तापले होते. आंधळ्या माणसांना खोटं सांगितलं, याहून खालचं काम काय असतं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता. माइक ग्रेगरला देऊन उठावं आणि पुन्हा या गावात तोंड दाखवू नये, असं त्याला वाटलं. तो अर्धवट उठलाही.

पेट्रीने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि आज पहिल्यांदा मान मागे वळवली. त्याचे डोळे इनेसच्या जरा बाजूला, छपराच्या खांबाकडे लागले होते.

"लोक गप्प होते, पोरा."

"हो, गॅफर." इनेस परत खाली बसला. "माफ करा. मी तिथे नाहीये. मला घेतलंच नाही. तुम्हाला कळवायला हवं होतं."

"ते तू तोंड उघडलंस तेव्हाच कळलं." पेट्रीने खिशातली पेस्ट्री चाचपली. "मला वाटलं होतं, तुला आता दिसायचंच बंद झालं असेल. माझ्यासारखं. लोक म्हणायचे, इनेस संपला. मी घरी बसून तेच धरून चाललो होतो."

इनेस हातातल्या माइककडे बघत राहिला. बोलला असता तर रडला असता, आणि आर्डनेसच्या गॅलरीत अंत्यसंस्काराच्या दिवशीसुद्धा कुणी रडत नाही.

"दोघांच्या मधून गेला ना?" पेट्रीने विचारलं.

"दोघांच्या मधून."

"गवताला घासत."

"हो."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ते जुनं, सामना जिंकल्यावरचं, कुणाला दिसू न देण्याचं हसू आलं. त्याने हेडफोन परत नीट बसवला, समोर तोंड केलं आणि म्हणाला, "आणखी एक दे."

"आणि खरा स्कोर मध्येमध्ये सांगत जा," एफीने बजावलं. "मला घरी जाऊन बहिणीला सांगायचा असतो."

इनेसने माइक उचलला.  तेवढ्यात ग्रेगरने पुन्हा त्याची बाही ओढली. बसलेल्या घशातून, कष्टाने एकेक शब्द बाहेर काढत तो पुटपुटला, "तू पुढे गेलास की मागची जागा भरायला मी लागतो, गाढवा. तेव्हा मलाही त्यात धावू दे."

इनेसने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं गॅलरी उभी राहिलेली त्याला आठवत होती, लॅचीचा खांदा आठवत होता, पायाखालचं गवतसुद्धा. पण पास देताना आपल्या मागे ग्रेगर कुठे असायचा, हे त्याने कधी वळून पाहिलंच नव्हतं. आता पहिल्यांदा त्याने ते पाहायचा प्रयत्न केला, आणि तो दिसला.

"इनेसने जागा सोडली," तो हळूच म्हणाला. "ती भरायला डावीकडून ग्रेगर निघालाय. ग्रेगर जोरात धावतोय."

पुढे पेट्रीने मान डोलावली. शेजारी ग्रेगरने पाय लांब केला आणि गुडघ्यावर हात ठेवून तो मैदानाच्या डाव्या कडेकडे बघत राहिला.