ठिपक्यावरची फुली

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. नांदेडच्या एका मोठ्या कॉलेजच्या फाटकाशी, दोन लोखंडी खांबांच्या आधाराने मी सव्वीस वर्षे उभा आहे. पत्र्याचा आहे, म्हणून जाड कातडीचा आहे, असे लोक समजतात. तसे असते तर किती बरे झाले असते! तुम्हाला भुतांच्या गोष्टी आवडतात ना? माझ्याही मागे दोन माणसे लागली आहेत. ती भर दुपारी येतात, कुणाला काही करत नाहीत, वर्षानुवर्षे माझ्यासमोर उभी राहून नुसती माझ्याकडे बघायची. त्यांचीच गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म इतवाऱ्यातल्या नजीर पेंटरांच्या दुकानात झाला. नजीरभाई भारी नेमाचे माणूस. माझ्यावर पहिला हात मारण्याआधी ते चार दिवस वही घेऊन कॉलेजचे आवार पायी फिरले. मग त्यांनी मला पांढरा रंग दिला आणि एकेक इमारत काढली. ग्रंथालय, वसतिगृह, दवाखान्याची खोली, आणि सगळ्यात वर, मागच्या भिंतीला लागून, प्रवेशाची खिडकी. शेवटी खाली फाटकाजवळ एक नाणे ठेवून त्यांनी त्याभोवती गोल काढला आणि तो लाल रंगाने भरला. त्याखाली लिहिले, 'आपण येथे आहात.' मग दोन पावले मागे सरून ते स्वतःशीच म्हणाले, "आपण कुठं उभं हाव एवढं कळलं, की बाकी सगळं घावतं."

माझे सुरुवातीचे दिवस मोठ्या मानाचे होते. उमरीची, देगलूरची, हदगावची पोरे एसटीतून उतरून आधी माझ्याकडे येत. ठिपक्यावर बोट ठेवत, बोट वर नेत आणि माझ्या बाजूने आत जात. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. माझे तोंड फाटकाकडे आणि पाठ कॉलेजकडे. आत गेलेला माणूस पुढे पोहोचला की नाही, हे मला कधी दिसतच नसे. पोहोचला असणार, असे मी धरून चालत होतो. कौतुकाची सवय लागली की माणूस असेच धरून चालतो. पत्राही चालतो.

मग अकरा वर्षांपूर्वी पुढचा रस्ता रुंद झाला. आमचे फाटक त्यात गेले. तिथे भिंत बांधली आणि नवे फाटक आवाराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, मागच्या भिंतीत काढले. मलाही उचलून तिथे नेऊन रोवले. आता नीट लक्ष द्या. जी प्रवेशाची खिडकी पूर्वी सर्वांत लांब होती, ती आता माझ्या पाठीशी आली होती. माझ्या अंगावर मात्र ती अजून सर्वांत लांबच होती, आणि लाल ठिपका त्या बुजवलेल्या फाटकावरच बसून होता. जो माझे ऐकेल, तो खिडकीला पाठ करून सरळ चालत जाणार आणि शेवटी भिंतीला धडकणार.

जागा बदलल्यावर नजीरभाईंना बोलावणे गेले होते. ऑफिसातून त्यांच्या हाती कागद आला. त्यात लिहिले होते, नव्या प्राचार्यांचे नाव टाका, कडेची निळी पट्टी उजळा. त्यांनी नाव टाकले, पट्टी उजळली. ठिपक्यापाशी त्यांचा ब्रश जरासा थांबला, हे मला आठवते. मग त्यांनी तो रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि ते निघून गेले.

मला संशय आला नाही का, असे तुम्ही विचाराल. यायला हवा होता. समोर रोजच्या पिंपळाऐवजी मोबाइलची दुकाने दिसू लागली, तेव्हाच यायला हवा होता. पण आपले चुकत असेल, हे म्हाताऱ्या पाट्यांना लवकर सुचत नाही.

महिनाभरात कॉलेजातल्या सगळ्यांना माझे खोटे कळले. कुणी रागावले नाही, उलट गंमतच झाली. फाटकावरचे नरसिंगमामा नव्या शिपायांना शिकवत, "पाटी बघायची अन् ती उलटी धरायची." प्राध्यापक हसत, मुले हसत. ज्यांना रस्ता माहीत होता, त्यांना माझी गरजच नव्हती. आणि ज्यांना गरज होती, त्यांना मी खोटा आहे हे सांगायचे कुणाच्या लक्षात आले नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ती दोघे आली. तनुजा आणि तिचे वडील दगडोबा, उमरीजवळच्या एका खेड्यातले. त्यांची गाडी मुदखेडला तासभर अडकून पडली होती. खिडकी पाचला बंद होणार होती आणि पाचला वीस मिनिटे कमी होती. यादीत तनुजाचे नाव होते. आज कागद दिले नाहीत, तर तिची जागा खालच्या नावाला जाणार होती.

दगडोबांना वाचता येत नव्हते. त्यांनी रुमालाने घाम पुसला आणि फाटकाकडे पाहून विचारले, "इचारू का कोनाला?"

"कशाला बाबा? हे बघा की, समदं लिहिलंय," तनुजा म्हणाली.

किती विश्वासाने म्हणाली म्हणून सांगू! बारावीला तालुक्यात पहिली आलेली पोरगी, छापील अक्षरावर तिचा देवासारखा विश्वास. तिने ठिपक्यावर बोट ठेवले, ग्रंथालयावरून वर नेले आणि खिडकीवर टेकवले. "सरळ जायचं. शेवटपर्यंत." बाप आनंदाने तिच्या मागे निघाला. आपली लेक वाट वाचते, याचा त्याला कोण अभिमान!

मी फाटकाकडे बघत राहिलो. पाचची घंटा झाली. सव्वापाचला ती दोघे परत माझ्यासमोर आली. तनुजाचा चेहरा घामाने आणि धुळीने माखला होता.

नरसिंगमामांनी विचारले, "पाटी बघून गेला व्हता व्हय? अवो, ती उलटी हाय. समद्यांना ठावं हाय. आता काय उपेग न्हाई, बाबूलोक गेले."

तनुजाने ओढणीची पिन काढली आणि माझ्या लाल ठिपक्यावर दोन रेघा ओढल्या, आडव्यातिडव्या. पत्र्यापर्यंत गेल्या. दगडोबा तिच्या पाठीवर हात ठेवून एवढेच म्हणाले, "चल माय, गाडी जाईल."

मित्रांनो, आत गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, ते मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून ती दोघे माझी पाठ सोडत नाहीत. दुपारी ऊन चढले की माझा पत्रा टक टक वाजतो. नरसिंगमामा म्हणतात, पत्रा फुगतो. मला मात्र ती पिन लागत असते.

अकरा वर्षे अशीच गेली. या वर्षी कॉलेजने नवा नकाशा करायचे ठरवले आणि काम शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या लुबनाला दिले. लुबना म्हणजे नजीर पेंटरांचीच मुलगी. तिने एक गमतीची गोष्ट केली. नकाशा काढायला न बसता ती प्रवेशाच्या दिवसांत माझ्या शेजारी स्टूल टाकून बसली आणि येणारे लोक नरसिंगमामांना काय विचारतात, ते वहीत लिहू लागली. आठ दिवसांत 'प्रशासकीय भवन कुठे आहे' असे एकानेही विचारले नाही. लोक विचारत होते, बोनाफाईड कुठं मिळतं? टीसी कोन देतं? पानी कुठं हाय? पोरींचं बाथरूम कुठाय? एका पोराने हळूच विचारले, इथं कुनाशी बोलता येतं का, लई घाबरल्यासारखं होतंय. लुबनाने तेही लिहिले.

एकदा तिने माझ्या ठिपक्यावरून बोट फिरवून विचारले, "मामा, ही फुली कुणी मारली?"

"असंल कोन तरी टवाळ पोरगं," मामा म्हणाले. पण त्यांनी मान फिरवली.

नवव्या दिवशी नजीरभाई माझे माप घ्यायला आले. आता त्यांचा हात थरथरतो. ते टेप लावत होते, तेवढ्यात फाटकातून एक बाई तिच्या नणंदेला घेऊन आली. नणंद माझ्याकडे वळली, तशी ती बाई ओरडली, "महादेवी, त्या पाटीकडं बघू नको! त्या मामाला इचार!"

तो आवाज मी ओळखला. माझा पत्रा उन्हाशिवाय वाजला असता, तर तेव्हा वाजला असता.

नरसिंगमामा महादेवीला आत घेऊन गेले. तनुजा मात्र आत गेली नाही, फाटकाच्या कट्ट्यावर बसून राहिली. लुबना तिच्याजवळ गेली आणि तिने विचारले, "ताई, पाटीकडं का नको म्हणालात?"

तनुजाने सगळे सांगितले. शांतपणे सांगितले, त्यामुळे ऐकवत नव्हते. जागा गेली, दिवाळीनंतर लग्न झाले. "बाबा गेल्या साली गेले. जाईस्तोवर म्हनायचे, पोरगी हुशार व्हती, मीच कोनाला इचारलं न्हाई. पन ते इचारत व्हते हो. मीच इचारू दिलं न्हाई."

नजीरभाईंच्या हातातला टेप सुटून सर्रकन आत गेला. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "बेटी, तो ठिपका मला दिसला व्हता. चुकीचा हाय हे बी कळलं व्हतं. पन कागदात न्हवतं. कागदात नसंल ते रंगवायचं न्हाई, असं आमच्या उस्तादांनी शिकवलेलं. म्हनून हात लावला न्हाई."

तनुजाने विचारले, "आता तरी कागदात हाय का?"

लुबनाने वहीचे पहिले पान उघडले आणि सगळ्या प्रश्नांच्या वर लिहिले: ठिपका.

नवा पत्रा आणायची गरज पडली नाही. मला खांबांवरून उतरवले, आणि माझी कोरी पाठ घासून तिच्यावर नवा नकाशा काढला. "नुसता ठिपका हलवून भागणार नाही अब्बा, अख्खा नकाशा फिरवावा लागेल," असे लुबना म्हणाली आणि तिने तसेच केले. समोर जे दिसते, तेच वर. इमारतींची नावे बारीक आणि लोकांचे प्रश्न ठळक. अगदी खाली एक ओळ: 'नाही कळले, तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.' नजीरभाईंनी रेघा ओढल्या, अक्षरे लेकीने भरली.

माझे जुने तोंड आता आतल्या बाजूला जाणार होते. ते कुणाला फसवू नये म्हणून नजीरभाईंनी त्याला पांढरा रंग दिला. पण लाल ठिपका आणि त्यावरची फुली त्यांनी तशीच ठेवली. हे कोणत्याही कागदात नव्हते. माझे डोळे आहेत ते त्याच बाजूला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या पाठीमागचे दिसले. एक कडुनिंब, एक पाण्याची टाकी, आणि हाकेच्या अंतरावर ती प्रवेशाची खिडकी.

महादेवीचे वर्ग सुरू झाले, त्या दिवशी तनुजा तिला सोडायला आली. लुबना तिला म्हणाली, "ताई, एकदा वाचून बघा. चुकलं असेल तर सांगा." ती वाचताना मला दिसली नाही. मला दिसली ती माझ्या बाजूने आत येताना. पदर खोचून, जपून, पावले मोजत. चाळीस मोजली आणि खिडकीशी थांबली. तिने खिडकीच्या गजांवर हात ठेवला. शेजारी कुणी उभे असावे तशी मान वळवून ती म्हणाली, "बाबा, हितंच व्हती की."

आता मला रस्ता नीट दाखवता येतो. लोक माझे पुन्हा कौतुक करतात. तरी दुपारी पत्रा वाजतोच, आणि ती दोघे येतात. पूर्वी ती माझ्यासमोर थांबायची. आता मला त्यांची वाट दिसते. पुढे तनुजा, मागे दगडोबा. खिडकीला पाठ करून, ग्रंथालयावरून सरळ, त्या बुजवलेल्या फाटकाकडे घाईघाईने जातात. खिडकी उघडी असते. मला हाक मारता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, ऑफिसात अशी एखादी पाटी असेलच. तिच्यावरची धूळ पुसा, रंग उडाला तर द्या, पण आधी तिच्यासमोर पहिल्यांदाच आल्यासारखे उभे राहून बघा. ती चुकीची निघाली आणि कुणी म्हणाले, 'सगळ्यांना माहीत आहे,' तर हसू नका. त्या वेळी मुदखेडला एक गाडी अडकलेली असते आणि तिच्यात ज्याला माहीत नाही असे कुणीतरी बसलेले असते.