सातव्या पानाची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. कापडावर वेल उमटवणं हे माझं काम. माझ्या वेलीला सहा पानं आहेत आणि एक नुसताच देठ आहे. त्या देठावर सातवं पान होतं. ते कुठे गेलं, हे सांगायलाच आज तुमच्यासमोर बसलो आहे. उभा राहिलो असतो, पण मला पाय नाहीत.

आधी घराण्याविषयी थोडं सांगतो. माझी आई शिसवीचं झाड होती. ती इतकी उंच होती, की तिच्या शेंड्यावरच्या पाखरांना सकाळ खालच्या पाखरांच्या आदल्या दिवशीच व्हायची. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. ती सध्या कुणाच्या तरी घरी कपाट आहे. मी मात्र आधी एका मेजाचा पाय होतो. मेज मोडलं, पाय भंगारात गेला आणि भंगारातून मला एका बाईनं उचललं. तिनं मला नाकाशी धरून हुंगलं, बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "याच्यात काहीतरी आहे."

मी फुगलो. मेजाच्या पायाला असं कुणी म्हणत नाही.

ही बाई म्हणजे दोन जावांमधली थोरली. कापड छापायचा कारखाना त्यांच्या घरातच होता. खाली लांबलचक छपाईचं मेज, मागच्या अंगणात वाळत घालायच्या दोऱ्या आणि वर राहायच्या खोल्या. थोरली ठसे कोरायची. धाकटी जाऊ छापायची. दोघींचे नवरे गठ्ठे घेऊन गावोगाव फिरायचे आणि घरी आले की जेवून झोपायचे, म्हणून या गोष्टीत त्यांचं काही काम नाही.

थोरलीची एक सवय होती. तिच्या ॲप्रनच्या खिशात कायम साबणाची वडी असायची. रस्त्यानं जाताना काही डोळ्यात भरलं, की ती तिथेच थांबायची, साबण काढायची आणि नखानं त्यावर ओरखडे ओढायची. मग ती गटाराच्या जाळीतून खाली पडलेली उन्हं असोत नाहीतर उतू गेलेल्या दुधाची शेगडीवरची किनार असो. एकदा बसच्या काचेवर कुणीतरी डोकं टेकवल्याचा तेलकट डाग होता, त्याचं तिनं फूल केलं. गिऱ्हाईक विचारायचं, "हे फूल कुठलं हो?" थोरली गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "बसमधलं."

घरी आल्यावर त्याच साबणानं ती कपडे धुवायची. नक्षी विरघळून जायची. मग लाकूड हातात घेऊन बसली, की हाताला जेवढं आठवेल तेवढंच ती कोरायची. "जे विसरलं, ते कामाचं नव्हतं," असं म्हणायची. कागदावर तिनं कधी रेघ ओढली नाही.

माझी वेल मागच्या भिंतीवरची होती. पाण्याच्या नळीला धरून वर चढलेली, कुणी न लावलेली. एका सकाळी थोरली हातात चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभी राहिली ती चहा गार होईपर्यंत. एका पानावर अळी बसली होती. अळीनं पान एका बाजूनं खाल्लं होतं. कडा दातेरी, मधली शीर तेवढी शिल्लक आणि टोकाला एक हिरवा तुकडा लोंबत होता. थोरलीनं साबण काढला.

सहा पानं तिनं झटपट कोरली. सातव्याला फार वेळ घेतला. अळीचा एकेक घास तिनं माझ्यातून वेगळा काढला. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या.

त्या घराची एक रीत होती. नव्या ठशाचा पहिला छाप कोरणाऱ्याच्या ॲप्रनवर. त्याप्रमाणे थोरलीनं मला निळ्या रंगात बुडवलं आणि स्वतःच्या पोटावर दाबलं. वेल उमटली, सातही पानांसकट. ती आरशासमोर उभी राहून हसली आणि ॲप्रन खुंटीला टांगून झोपायला गेली. आणखी एक रीत होती, तिनंच घात केला. ठसा काय आहे हे कोरणारी सांगायची नाही आणि छापणारीनं विचारायचं नाही.

धाकटीनं एक नमुना छापला. दुपारी चादरींचे दुकानदार आले. त्यांनी कापड उजेडात धरलं.

"वेल झकास आहे. एवढं एक पान मात्र फाटकं आलंय."

"असेल तसंच," धाकटी म्हणाली.

"नाही हो, बघा ना. हात हलला असणार बाईंचा. वय झालं म्हणा आता."

"तुमच्या दुकानाच्या पाटीचं पण वय झालंय. ती हलली का?" धाकटीनं फटकारलं. दुकानदार हसले, मोठी मागणी नोंदवून गेले.

पण ते शब्द तिच्या मनातून जाईनात. कारण थोरलीच्या हातातला चहा बशीत सांडताना तिनं पाहिला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. ती मला हातात घेऊन बसली आणि त्या सातव्या पानावरून बोट फिरवत राहिली. दातेरी, वेडंवाकडं, लोंबतं. बाकीची सहा कशी गुळगुळीत!

"ताईंना कळायला नको," ती स्वतःशीच पुटपुटली. "एवढ्या चादरींवर लोक ताईंचा थरथरता हात बघणार."

वाईट हेतू नव्हता हो तिचा. वाईट असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं. मी ओरडलो, "अगं, अळी आहे ती, अळी!" पण लाकडाचं ओरडणं लाकडालाच ऐकू येतं. वरच्या फळीवरचे सगळे ठसे जागे झाले, धाकटी नाही.

कोरायच्या पटाश्यांना ती हात लावू शकत नव्हती. कोणती कुठे ठेवली आहे, हे थोरलीला डोळे मिटून कळायचं. म्हणून धाकटीनं स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली. शिसव काही काकडी नव्हे. पान निघालं, पण जाताना सुरीचं टोक मोडून माझ्यातच राहिलं. मग तिनं खरखरीत कागदानं घासून ती जागा साफ केली, वर रंग चोळला. इतकी साफ, की मलाच क्षणभर वाटलं, पान होतं तरी का?

खुंटीवरच्या ॲप्रनवर मात्र ते होतं. धाकटीनं ॲप्रन काढला, चिंध्यांच्या पोत्यात तळाशी खुपसला आणि पोतं मेजाखाली ढकललं.

मग तिनं चादरी छापल्या. निळा असा चढला होता, की दोरीवरच्या चादरींना आभाळ समजून दोन कावळे सरळ येऊन आपटले. थोरली बघायला अंगणात आली. एकेक चादर बघत दोरीच्या टोकापर्यंत गेली, परत आली. मला हातात घेतलं. देठाच्या टोकावर तिचं बोट थांबलं.

"इथे पान होतं ना गं?"

धाकटी रंग ढवळत होती. ती ढवळतच राहिली.

"नाही ताई. असंच होतं."

मित्रांनो, सुरीपेक्षा 'असंच होतं' हे दोन शब्द मला जास्त लागले.

"कोरलंच नाही मी?" थोरलीनं विचारलं. "मला तर चांगलं आठवतंय. आणि माझा ॲप्रन कुठाय?"

"त्यावर रंग सांडला. भिजत टाकलाय."

"बरं," थोरली म्हणाली आणि मला अगदी हळू खाली ठेवलं. एखादी वस्तू दुसऱ्याची आहे असं कळल्यावर ठेवतात तसं.

त्यानंतर घरात काही घडलं नाही, हीच मोठी गोष्ट घडली. थोरली लाकूड घेऊन बसेना. बाजारात गेली तर खाली मान घालून जायची आणि तशीच यायची. न्हाणीघरात साबणाच्या वड्या असायच्या, पण एकीवरही ओरखडा नाही. कपडे धुवायला धाकटी साबण हातात घ्यायची आणि तो गुळगुळीत लागला, की न वापरताच परत ठेवायची. मला दाबताना तिचा हात कधी हलका पडायचा, कधी इतका जड, की पानं पसरून डाग व्हायचे. झकास म्हणून वाखाणलेला मी, निव्वळ पोतेरं छापू लागलो. रोज तिच्या ओठांवर काहीतरी यायचं. रोज ती ते रंगात ढवळून टाकायची. कारण खरं सांगायचं तर "मी पान काढलं" एवढंच सांगून भागत नव्हतं. "तुमचा हात गेला असं मला वाटलं," हेही सांगावं लागणार होतं.

एका सकाळी दारात धारवाला आला. सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा, वर्षानुवर्षांचा ओळखीचा. थोरली पटाश्यांची कापडी गुंडाळी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती त्याच्या हातात दिली.

"सगळ्यांना धार?" त्यानं विचारलं.

"धार नको. घेऊन जा तू. कुणी कोरणारं भेटलं तर दे."

"अहो बाई, मी धार लावतो, सामान गोळा करत नाही!"

"ऐक माझं. न कोरलेली पानं जिला आठवतात, तिच्या हातात पटाशी नको."

धाकटी मेजाशी माझ्यावर वाकलेली होती. तिनं ते ऐकलं आणि मला टाकून दिलं. मी जमिनीवर आपटलो, तिनं वळूनही पाहिलं नाही. मेजाखालचं पोतं ओढलं, उलटं केलं, चिंध्यांचा ढीग उपसला आणि तो ॲप्रन काढून अंगावर चढवला. कोपरापर्यंत निळे हात, पोटावर निळी वेल, अशी ती दारात जाऊन उभी राहिली.

"ताई, पान तुम्ही कोरलं होतं. मी काढलं."

थोरलीनं चष्मा वर सारला. ॲप्रनवरच्या सातव्या पानाकडे कितीतरी वेळ पाहिलं.

"का?"

"मला वाटलं तुमचा हात हलला. लोक नावं ठेवतील, म्हणून..."

"हात हलतोच माझा. म्हणून तर लाकूड घट्ट धरते." थोरलीनं त्या पानाच्या दातेरी कडेवर बोट ठेवलं. "अळीनं खाल्लेलं पान आहे हे. मागच्या भिंतीवर होतं. अळीनं निदान अर्धं तरी ठेवलं होतं गं. तू सगळंच खाल्लंस."

धाकटी रडायला लागली. रडत डोळे पुसले, तोंड निळं झालं.

"पानाचं काही नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज आता खरोखर हलत होता. "दुसरं पान येतं. पण तू म्हणालीस, असंच होतं. तेव्हापासून रोज सकाळी उठल्यावर मी आधी स्वतःची परीक्षा घेते. काल काय जेवले, दाराची किल्ली कुठे, तुझं माहेर कुठलं. रोज. तोंड धुवायच्या आधी."

धारवाल्यानं घसा खाकरला. "मी उद्या येऊ का?"

"थांब," थोरलीनं त्याच्या हातातली गुंडाळी काढून घेतली. "सगळ्यांना धार लाव." मग तिनं मला जमिनीवरून उचललं, पुसलं आणि रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. "आई गं! हे काय टोचलं?"

"सुरीचं टोक," धाकटी हुंदका देत म्हणाली.

"भाजीची? म्हणजे टोक इथे आहे आणि मी आजवर टोमॅटो कुस्करून खातेय होय!"

धारवाला हसला. धाकटी हसली नाही. थोरलीही पुरती हसली नाही. त्या दिवशी दोघी जेवल्या त्या एकमेकींकडे न बघता.

पण दुसऱ्या दिवशी थोरलीनं धाकटीच्या हातात साबणाची वडी ठेवली आणि तिला मागच्या भिंतीसमोर उभं केलं. "ॲप्रनवरचं पान गिरवायचं नाही. ते अळीचं होतं. तुझं तू शोध."

धाकटीनं कितीतरी लाकडं फुकट घालवली. शेवटी एक एवढासा ठसा तयार झाला, एकाच पानाचा. ते पान एका बाजूनं सरळ कापलेलं आहे, सुरीनं कापावं तसं. चादर छापताना आधी मी टेकतो, मग माझ्या रिकाम्या देठावर ते पान टेकतं. ते कधीच नेमकं बसत नाही. दर चादरीवर जरा इकडे, जरा तिकडे. दुकानदार म्हणाले, "पुन्हा एक पान फाटकंच?" धाकटी म्हणाली, "कापलेलं आहे. मी कापलंय." दुकानदारांना काही कळलं नाही. मला कळलं.

आता मी थकलो आहे. माझ्या कडा झिजल्या आणि मला भेगही पडली आहे. थोरली जिथे बसून कोरायची, ती खिडकीजवळची खुर्ची आता रिकामी असते. न्हाणीघरातल्या साबणावर ओरखडे असतात, ते आता धाकटीचे. अजूनही कधीतरी ती मला खाली काढते. माझी वेल उमटवते, मग ते छोटं पान हातात घेते आणि टेकवण्याआधी मान वर करून त्या खुर्चीकडे बघते. विचारल्यासारखं. मगच टेकवते.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. गटाराच्या जाळीकडे, दुधाच्या डागाकडे, किडलेल्या पानाकडे नीट बघा; चांगल्या गोष्टी तिथेच पडलेल्या असतात. आणि दुसऱ्यानं केलेल्या वस्तूची कड तुम्हाला वाकडी दिसली, तर सुरी शोधण्याआधी तो माणूस शोधा. त्याला विचारा. चुकून न विचारता कापलंत, तर निदान "असंच होतं" म्हणू नका.

सुरीचं ते टोक अजून माझ्या अंगात आहे. दमट हवेत ठणकतं. पण कुणी काढायला जाऊ नका. आणि न विचारता तर नाहीच नाही.