बर्फाखालचं पाणी

रविवारी भोरहून मार्गासनीला आले की मी आबांना, माझ्या वडिलांना, वाचून दाखवायचे. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना वाचायला मनाई होती. सध्या एक जाडजूड विज्ञान कादंबरी चालली होती. त्या रविवारी यान एका दूरच्या चंद्रावर उतरलं होतं. बर्फाखाली समुद्र असावा असा अंदाज होता, आणि बाहेर पडून बर्फाला भोक पाडायचं होतं.

"चार पानं झाली आबा, अजून दारच उघडतोय. हा लेखक आहे की फिटर?"

"उगडू दे की. पंपानं हवा धरली की आपुन एकेक नट बगतो का न्हाई? घाई केली तर मोटार जळंल."

"आणि माणसं? सगळी एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखी बोलतात."

"ते व्हय. ती कॅप्टनबाई तर लईच. नवरा मेला तरी हवेचा दाब सांगती." आबा हसले. "पर तुला आवडतंय."

"तुमच्यासाठी वाचते मी."

हे मी नेहमीच म्हणायचे. खरं तर ते दार उघडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

गाडीची वेळ झाली. "भोक पाडल्याबिगर जाती व्हय?" आबा कुरकुरले. पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

सुतकात घर माणसांनी भरलेलं. एका दुपारी जरा सामसूम झाली तेव्हा पुस्तक उघडलं. दोन पानं वाचू म्हणून बसले आणि उठवेना. लेखक तोच, कोरडा. खोली इतकी, तापमान इतकं. वैतागून एक परिच्छेद गाळला आणि परत मागे आले. तो घाबरलेला आहे, हे आता कळत होतं. भीती सांगायची नाही म्हणून तो आकडे सांगत होता, आणि आकड्यांना धरून मी त्या भोकातून खाली उतरत होते. मग बर्फ संपला. 'खाली पाणी होतं आणि त्यात उजेड होता.' एवढंच वाक्य. मी ताडकन उभी राहिले. बाहेर जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पुढच्याच ओळीत कॅप्टनबाईंनी घोषणा सुरू केली आणि मी एकटीच हसले. आबांची बहीण, साळूआत्या, दारातून बघत होती.

दहाव्याला गुंजवणीच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या उंबरावर बसून होते, पण एकही शिवेना. अशा वेळी आमच्याकडे एकेकानं पुढं होऊन गेलेल्याला मोठ्यानं शब्द द्यायचा असतो, म्हणजे अडकलेला जीव सुटतो. भाऊ रोहिदास म्हणाला, "आबा, बैलं इकनार न्हाई." कावळा हलला नाही. कुणी तंबाखूची चिमूट ठेवली.

"त्यास्नी गोड कुठं चालायचं? मटन ठिवा," मागून चुलते कुजबुजले. दोघं-तिघं हसले.

आत्यानं मला पुढं ढकललं. "तू बोल. पुस्तकात जीव आडकला आसंल त्येचा."

मला शब्द काही द्यायचा नव्हता.

"आबा," मी म्हटलं, "तो माणूस वाईट लिहितो. आणि लई भारी लिहितो. पाणी लागलं. उजेड आहे त्यात." माझा आवाज चढला होता. "मी तुमच्यासाठी वाचत नव्हते. मलाच आवडायचं. तुम्हाला वाचून दाखवायला मला फार आवडायचं."